फेडोराचा बीटा वापरून पाहायचाय? पेन ड्राइव्हपासून बग नोंदवण्यापर्यंत

फेडोरा या मोफत लिनक्स प्रणालीची नवी बीटा, म्हणजे मुख्य आवृत्तीआधी चाचणीसाठी दिलेली, आवृत्ती आली की मी सगळ्यात आधी टेक्स्ट एडिटर उघडते आणि दोन शब्द टाइप करते: 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना'. पहिला शब्द गुरुजनांसाठी, दुसरा स्वयंपाक करणाऱ्यांसाठी. पहिल्यात र हा रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो, दुसऱ्यात तो अर्धा होऊन य ला डावीकडून चिकटतो. हा अर्धा र मराठीला रोज लागतो. दुसऱ्या, वाऱ्यावर, शेतकऱ्यांना, कुठलंही पान उघडा. हिंदीला तो लागत नाही. त्यामुळे तो बिघडला तर बर्लिनमध्ये काय, दिल्लीत बसून तपासणाऱ्यालाही कळणार नाही. ते आपल्यालाच बघावं लागतं, आणि बघायची वेळ बीटाची असते.

वेळेचं एवढं महत्त्व का, ते आधी सांगते. मुख्य आवृत्ती जाहीर झाली की तिची इन्स्टॉल करायची आयएसओ फाइल गोठते. नंतर सापडलेल्या चुका अपडेटमधून दुरुस्त होतात, पण इन्स्टॉलरमधली किंवा पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या लाइव्ह डेस्कटॉपमधली चूक त्या आयएसओत तशीच राहते, पुढची आवृत्ती येईपर्यंत. म्हणजे साधारण सहा महिने. बीटात नोंदवलेली तीच चूक मुख्य आवृत्तीआधी निघू शकते.

हा लेख ज्यांनी असं कधीच केलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. उदाहरण फेडोराचं घेतलंय, कारण मी तेच वापरते आणि त्याची तपासणीची सगळी व्यवस्था उघड्यावर चालते. उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रणालींना बरीचशी हीच पद्धत लागू पडते.

कुठली अपुरी आवृत्ती घ्यायची

फेडोराची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, साधारण एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास. पण 'अपुरी' आवृत्ती एकच नसते.

रॉहाइड ही रोजची. जगभरातले लोक जे काही बदल करतात ते आधी तिच्यात पडतात, आणि जवळजवळ रोज त्यातून नवी आयएसओ फाइल तयार होते. आज चाललेली गोष्ट उद्या चालेलच असं नाही. पुढे ठरलेल्या वेळी रॉहाइडला फांदी फुटते. त्या फांदीला ब्रँच्ड म्हणतात आणि पुढची आवृत्ती तिथे आकार घेते. त्या फांदीवर बदलांना लगाम लागला, ठरवलेल्या कसोट्यांना ती उतरली, की बीटा जाहीर होतो. मुख्य आवृत्ती त्यानंतर साधारण महिन्याभरात येते.

पहिल्यांदा करताय तर बीटाच घ्या. रॉहाइडमध्ये एखादी गोष्ट बिघडली तर ती आजच्यापुरती बिघडलीये की खरंच चूक आहे, हे ओळखायला सवय लागते. बीटात बिघडलं तर ते नोंदवण्यासारखं असण्याची शक्यता पुष्कळ जास्त.

रोजच्या कामाच्या मशीनवर नको

या एका गोष्टीवर मी जराही सैल होत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये जे घडलं त्यावरून कारण कळेल.

एक्सझेड नावाचं फाइली दाबून लहान करणारं एक छोटं साधन जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी पद्धतशीरपणे चोरदरवाजा घुसवला होता. तो सापडला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला, आणि तोही डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर काम करताना. दूरच्या मशीनवर लॉगिन करायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्यांच्या लक्षात आलं. ते मागे लागले, खणत गेले आणि २९ मार्चला त्यांनी ते जगापुढे मांडलं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो कोड अजून पोहोचलाच नव्हता. उबुंटूने खबरदारी म्हणून २४.०४ चा बीटा आठवडाभर पुढे ढकलला आणि पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामांचे तयार गठ्ठे, नव्याने बांधली.

पण हीच गोष्ट उलट्या बाजूने वाचा. तो कोड रॉहाइडमध्ये होता. तीनच दिवसांपूर्वी आलेल्या फेडोरा ४० च्या बीटामध्येही ५.६.० आलं होतं, आणि फेडोरामागच्या रेड हॅट कंपनीला रॉहाइड ताबडतोब वापरायचं थांबवा असं सांगावं लागलं. अपुरी आवृत्ती वापरणाऱ्याच्या हातात चूक सगळ्यांच्या आधी येते. म्हणून त्या मशीनवर नेटबँकिंग नको, ऑफिसची फाइल नको, कामाचा पासवर्ड नको. चाचणीसाठी वेगळा ईमेल पत्ता उघडा, तोही फुकट मिळतो.

मग चालवायचं कशावर? तीन मार्ग आहेत.

सगळ्यात निर्धास्त म्हणजे व्हर्च्युअल मशीन. तुमच्या चालू विंडोजमध्ये किंवा लिनक्समध्ये एक खोटा संगणक उभा करायचा आणि त्यात बीटा चालवायचा. व्हर्च्युअलबॉक्स यासाठी मोफत मिळतं. लिनक्सवर बॉक्सेस नावाचा प्रोग्राम आणखी सोपा. त्या खोट्या संगणकाला ४ जीबी रॅम, दोन कोअर आणि ३० जीबी डिस्क द्या, म्हणजे तुमच्या मशीनमध्ये किमान ८ जीबी रॅम हवी. व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नसेल तर बहुतेक वेळा बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन बंद असतं, ते चालू करा. इन्स्टॉल झाल्या झाल्या स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची नक्कल, घेऊन ठेवा, काहीही बिघडलं तरी दोन क्लिकमध्ये तिथे परतता येतं.

यात एक उणीव आहे. व्हर्च्युअल मशीनला तुमचं खरं वायफाय, स्पीकर, टचपॅड दिसत नाही. ते तपासायला दुसरा मार्ग, लाइव्ह पेन ड्राइव्ह. पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, हार्ड डिस्कला हात लावायचा नाही, काम झालं की बंद करून पेन ड्राइव्ह काढून घ्यायचा. मराठी तपासायची असेल तर हे दोन मार्ग मिळून पुरतात.

तिसरा मार्ग म्हणजे जुना, पडून असलेला लॅपटॉप. घरात असेल तर सोन्याहून पिवळं. त्यावर बिनधास्त इन्स्टॉल करा.

पेन ड्राइव्ह तयार करण्याआधी

बॅकअप घ्या. लाइव्ह चालवणार असाल, डिस्कला हात लावणार नसाल, तरी घ्या. इन्स्टॉलरचं बटण समोरच असतं आणि चुकून दाबलं जातं. माझ्या ओळखीच्या एका मुलीने प्रबंध सादर करायच्या आदल्या महिन्यात एका प्रणालीची अपुरी आवृत्ती लाइव्ह चालवून बघताना डिस्क निवडायच्या पानावर घाई केली. तिच्या मार्गदर्शकांना आधी ईमेलने पाठवलेली तीन प्रकरणं होती म्हणून ती वाचली, बाकीची दोन तिला पुन्हा लिहावी लागली. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवल्याशिवाय पुढचं काही करू नका. जोडलेली राहिली तर इन्स्टॉलरला तीही दिसते.

विंडोजवाल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क कुलूपबंद असते, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाने, आणि मालकाला ते माहीतही नसतं. बायोसमध्ये काही बदललं की विंडोज पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधीच शोधून कागदावर उतरवून ठेवा. सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होणारी प्रणाली खात्रीची आहे का ते तपासणारी सोय, बंद करायची गरज नाही, फेडोरा त्याच्यासकट चालतं.

आता पेन ड्राइव्ह. ८ जीबीचा पुरतो. आयएसओ दोन ते तीन जीबीची असते. त्यावर जे आहे ते पुसलं जाणार, हे लक्षात ठेवा. फेडोराच्या अधिकृत संकेतस्थळावरून फेडोरा मीडिया रायटर उतरवा. ते विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. बीटाची वर्कस्टेशन (नेहमीच्या डेस्कटॉपची) आयएसओ वेगळी उतरवली असेल तर मीडिया रायटरमध्ये तीही निवडता येते. अशी फाइल स्वतः उतरवली असेल तर तिचा शा-२५६ आकडा, म्हणजे फाइल पूर्ण आणि अस्सल आहे का ते दाखवणारी खूण, संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवून बघा. अर्धवट उतरलेली आयएसओ पुढे इतके विचित्र प्रकार दाखवते की माणूस तासन्‌तास नसलेली चूक शोधत बसतो.

मशीन सुरू करताना बूट मेन्यूची कळ दाबा. डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ-१२, एचपीवर एफ-९. यादीतून पेन ड्राइव्ह निवडा. डेस्कटॉप आला की इन्स्टॉल करायचं की नुसतं वापरून बघायचं असं विचारलं जातं. वापरून बघा.

आणखी एक, ज्याने पहिल्यांदा सगळेच घाबरतात: नंतर विंडोजमध्ये परतलात आणि घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं, तर काही बिघडलेलं नाही. लिनक्स मशीनच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज त्यालाच भारतीय वेळ समजतं. विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये 'सिंक' केलं की जागेवर येतं.

काय बघायचं

आधी दहा मिनिटं यंत्राला द्या. वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा, ब्लूटूथ, प्रोजेक्टर. झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडा. झोपलेलं मशीन नीट उठणं ही लॅपटॉपवर सगळ्यात जास्त बिघडणारी गोष्ट आहे. घरात प्रिंटर असेल तर एक पान छापा.

मग मराठी. इथे घाई करू नका.

सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या भागात जाऊन इनपुट सोर्स वाढवा आणि मराठी निवडा. तिथे इन्स्क्रिप्ट या देवनागरीच्या प्रमाणित कीबोर्डसोबत रोमन अक्षरांवरून टाइप करायच्या पद्धतीही दिसतील. तुम्ही रोज जी वापरता ती घ्या. मुद्दाम नवी शिकत बसलात तर चूक तुमची की प्रणालीची, कळणार नाही. विंडोजचं चिन्ह असलेली कळ आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट धरून इंग्रजी 'जे' ची कळ दाबली की ऱ येतो, नंतर 'डी' च्या कळीने हलन्त, मग य. असा 'ऱ्य' पडद्यावर जुळून यायला हवा. ऱ, मोकळा पाय मोडलेला हलन्त आणि शेजारी अख्खा य असं दिसलं, तर नोंदवायला पहिली गोष्ट सापडली.

माझी स्वतःची एक छोटी यादी आहे, ती मी दर वेळी जशीच्या तशी टाइप करते. आचार्यांना, आचाऱ्यांना. दर्या, दऱ्या. ॲप आणि ऑफिस, कारण ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, बरंच उशिरा आलं आणि जुन्या फाँटांत त्याच्या जागी रिकामी चौकट दिसते. बाळाला, म्हणजे ळ आणि ल शेजारी. 'शाळेतला शेवटचा लाल फुगा', यातला श आणि ल बघायचा. राज्य शासनाने २००९ साली मराठीची वर्णमाला प्रमाणित करताना देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल घेतला, पण बऱ्याच देवनागरी फाँटांत ही अक्षरं हिंदीच्या वळणाची असतात. काही फाँटांमध्ये दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं प्रणालीला कळलं तरच मराठी वळण दिसतं. म्हणून डेस्कटॉपची भाषा आधी इंग्रजी ठेवून आणि मग मराठी करून, असं दोनदा बघा.

दिसणं झालं की वागणं. 'क्षत्रिय' या शब्दावर बाणाच्या कळीने सरका. कर्सर अक्षराच्या पोटात अडकतो का? 'स्त्री' लिहून बॅकस्पेस एकदाच दाबा, काय उरतं? काही फाइलींना अ, क, क्ष, ज्ञ, ह ने सुरू होणारी नावं देऊन त्या कुठल्या क्रमाने लागतात ते पाहा. तारीख मराठीत येते का, मोठी रक्कम १२,३४,५६७ अशी तुटते की १,२३४,५६७ अशी?

शोध तपासायला विसरू नका, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. 'दुसऱ्या' मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: ऱ हे वेगळं अक्षर घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य सांधणारं चिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, आतून वेगळे असतात. एकाने लिहिलेला शब्द दुसऱ्याने शोधून बघा. नाही सापडला तर तीही नोंद आहे. ज्यांनी कधी मोठ्या मराठी दस्तऐवजात शोधूनही शब्द मिळाला नाही म्हणून डोकं धरलंय, त्यांना हे किती छळतं ते माहीत असेल.

चूक कुणाची, हे चाळणीने काढा

समजा लिब्रेऑफिस रायटर या वर्डसारख्या मोफत प्रोग्राममध्ये 'दुसऱ्या' तुटलेला दिसला. लगेच नोंदवू नका. तोच शब्द उचलून फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत टाका, टेक्स्ट एडिटरमध्ये टाका. फक्त रायटरमध्ये तुटत असेल तर गोष्ट रायटरची. त्यातही रायटर देवनागरीसाठी फाँट वेगळा ठेवतं. तुम्ही वरच्या चौकटीत बदललेला फाँट देवनागरीला लागला का तेही तपासा. सगळीकडे तुटत असेल तर फाँट बदला. लोहित देवनागरी या फाँटात तुटतो आणि नोटो या फाँटात जुळतो? मग फाँटचा दोष. कुठल्याही फाँटात जुळत नाही? मग अक्षरं जोडणाऱ्या इंजिनाकडे बोट जातं. हार्फबझ नावाचं ते इंजिन फायरफॉक्स, लिब्रेऑफिस आणि डेस्कटॉप या सगळ्यांच्या खाली बसलेलं असतं. आणि शब्द दुसरीकडून चिकटवला तर नीट दिसतो, टाइप केला तरच बिघडतो, असं असेल तर कीबोर्डकडे बघा.

ही पाच मिनिटांची चाळणी तुमच्या नोंदीचं वजन दहापट वाढवते, कारण ती थेट योग्य माणसाच्या टेबलावर जाते. लोहित फाँट रेड हॅटच्या पुण्यातल्या भाषा-तंत्रज्ञानाच्या कामातून वाढलेले आहेत, तेव्हा वाचणारं कुणी मराठी निघण्याचीही शक्यता असते. तरी नोंद इंग्रजीतच करा, सगळ्यांना वाचता यावी म्हणून. साधं, तुटक इंग्रजी चालतं, व्याकरणाला कुणी हसत नाही.

नोंद कशी लिहायची

फेडोराच्या चुका बगझिला या संकेतस्थळावर नोंदवतात. तिथे खातं उघडा आणि आधी शोधा. तीच चूक कुणी नोंदवली असेल तर नवी नोंद नको, तिथेच 'मलाही दिसते' लिहून तुमचा तपशील जोडा.

'मराठी नीट दिसत नाही' या नोंदीचं कुणीच काही करू शकत नाही. शीर्षकातच सगळं आलं पाहिजे: लिब्रेऑफिस रायटरमध्ये अमुक फाँटात ऱ्य जुळत नाही. खाली आवृत्ती आणि पॅकेजचा पूर्ण क्रमांक. मग पायऱ्या, एक, दोन, तीन, जणू वाचणाऱ्याला मराठीचा गंधही नाही असं समजून. बिघडलेला शब्द मजकुरात चिकटवा, म्हणजे त्याला स्वतः टाइप करावा लागणार नाही. काय दिसतं त्याचा स्क्रीनशॉट. काय दिसायला हवं याचाही एक स्क्रीनशॉट, दुसऱ्या फाँटातला किंवा जुन्या आवृत्तीतला. देवनागरी न वाचणाऱ्याला दोन चित्रांतला फरक दिसतो, वर्णन कळत नाही. आधीच्या आवृत्तीत हे बरोबर होतं, असं असेल तर ते ठळक लिहा. चालणारी गोष्ट मोडली की ती लवकर हातात घेतली जाते.

गंभीरपणा स्पष्ट सांगा. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज १० चं मोठं अपडेट आलं आणि काही लोकांच्या फाइली पुसल्या गेल्या; मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं. फाइली जातायत अशा थोड्या तक्रारी आधीच फीडबॅक हब या मायक्रोसॉफ्टच्या तक्रारींच्या ॲपवर आलेल्या होत्या, पण त्यांना मतं कमी पडल्यामुळे त्या गर्दीत बुडाल्या. त्यानंतर तक्रारीसोबत ती किती गंभीर आहे हे सांगायची सोय मायक्रोसॉफ्टने दिली. तेव्हा डेटा जात असेल, मशीन सुरूच होत नसेल, इन्स्टॉलर मधेच थांबत असेल, तर पहिल्याच ओळीत लिहा. फेडोरात अशी चूक ब्लॉकर म्हणून सुचवता येते, म्हणजे ती निघेपर्यंत आवृत्ती जाहीर करू नका. आवृत्ती द्यायची की थांबायचं हे ठरवणाऱ्या बैठकीत अशा एकेका चुकीवर चर्चा होते, आणि अशा चुकांपायी फेडोराच्या तारखा अनेकदा पुढे गेल्या आहेत.

एकट्याने सुरुवात करायला संकोच वाटत असेल तर टेस्ट डे गाठा. ठरवलेल्या दिवसांत एकाच विषयावर सगळे मिळून तपासतात. भाषा, फाँट आणि कीबोर्ड यांच्यासाठीही असे दिवस ठेवले जातात. काय करून बघायचं त्याच्या पायऱ्या लिहून दिलेल्या असतात, तुम्ही फक्त पास की नापास ते भरायचं.

नोंदवल्यानंतर

बीटा इन्स्टॉल केला असेल तर रोज किंवा दिवसाआड अपडेट करा. मुख्य आवृत्तीसाठी नव्याने इन्स्टॉल करावं लागत नाही. अपडेट करत राहिलात की बीटाचीच मुख्य आवृत्ती होते. एखाद्या अपडेटनंतर मशीन सुरू झालं नाही, तर सुरू होताना काळ्या पडद्यावर येणाऱ्या यादीतून आधीचा कर्नल (प्रणालीचा गाभा) निवडा. फेडोरा जुने एक-दोन ठेवतंच. हा धोका वारंवार घ्यायचा असेल तर सिल्व्हरब्लू हा फेडोराचाच एक प्रकार बघा, तिथे अख्खी प्रणाली एका आज्ञेने कालच्या स्थितीला नेता येते.

तुमच्या नोंदीवर प्रश्न येईल. 'हा फाँट काढून बघाल का', 'ही फाइल जोडाल का'. त्याला एक-दोन दिवसांत उत्तर द्या. उत्तर न मिळालेल्या नोंदी मागे पडतात, आणि पुढे आवृत्तीचं आयुष्य संपलं की आपोआप बंद होतात.

दुरुस्ती तयार झाली की ती आधी चाचणीच्या साठ्यात येते, आणि बीटावर तो साठा चालूच असतो. बोधी नावाच्या पानावर त्या अपडेटची नोंद दिसते. अपडेट घ्या, त्याच प्रोग्राममध्ये, त्याच फाँटात, तोच शब्द पुन्हा टाइप करा. जुळला तर बोधीवर होकार द्या, नाही तर नकार आणि स्क्रीनशॉट. पुरेसे होकार मिळाले की ती दुरुस्ती लवकर पुढे सरकते, आणि मराठीतल्या दुरुस्तीला होकार देणारे बहुतेक वेळा दोघं-तिघंच असतात.